अण्णांनी दिलेला शेवटचा बाप्तिस्मा

मी चौथीच्या वर्गाला भागाकार शिकवत होते, तेव्हा शांतवनमामा शाळेच्या दारात येऊन उभे राहिले. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं, पायांत वहाणा नाहीत. मला वाटलं, वस्तीवर कुणीतरी गेलं.

"मार्थाबाई, जरा भाईर या," ते म्हणाले. "पाळकसायेब नदीत हुबं हायती."

"अण्णा? नदीत काय करतायत?"

"बाप्तिस्मा द्यायला गेल्यात." त्यांनी मुलांकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली घेतला. "पन आज मंगळवार हाय, बाई. आज कुनाचाच बाप्तिस्मा न्हाई."

शेजारच्या बाईंना वर्गाकडे बघायला सांगून मी तशीच निघाले. नीरेच्या काठाला चर्चच्या मागून एक पायवाट उतरते. माझे वडील, अण्णा, कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. पांढरा सदरा, पांढरी विजार. उपासनेला घालायचा काळा कोट वाळूवर घडी घालून ठेवला होता आणि उडू नये म्हणून त्याच्यावर एक गोटा. चेहरा अगदी प्रसन्न होता.

"सगुणा," मला पाहून ते म्हणाले, "बघ ना, ही माणसं अजून आली नाहीत."

सगुणा म्हणजे माझी आई. ती बहात्तरच्या दुष्काळात गेली होती, आणि हे एकोणनव्वद साल.

"कोण माणसं यायची आहेत, अण्णा?"

"शांतवन. त्याची बायको. ढोलेवस्तीचा किसन." मग माझ्या पलीकडे, वाटेकडे पाहून त्यांनी हाक मारली, "शांतवन! अरे ये ना. घाबरतोस काय? पाणी खोल नाही."

शांतवनमामा माझ्या शेजारीच उभे होते. केस पिकलेले, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. अण्णांना तो म्हातारा दिसतच नव्हता. त्यांना हवा होता तो मिसरूड फुटलेला शांतवन, या नदीत सगळ्यांत आधी उतरलेला. मामांनी माझ्याकडे पाहिलं, धोतराचा काष्टा घट्ट केला आणि पाण्यात चालत गेले.

"आलू, सायेब," ते म्हणाले.

अण्णांनी त्यांच्या पाठीला हात दिला, दुसरा हात छातीवर ठेवला, बाप्तिस्म्याची वाक्यं एकही शब्द न चुकता म्हटली आणि त्यांना पाण्यात बुडवून वर काढलं. मग दोघंही ओलेचिंब बाहेर आले. अण्णा माझ्या खांद्याला धरून घरी यायला लगेच तयार झाले. काम झालं होतं ना.

"आमच्यात दोनदा घ्येत न्हाईत," वाटेनं शांतवनमामा मला हळूच म्हणाले. "पन देव काय रागवायचा न्हाई. दुसरं काय करनार हुतो?"

फलटणच्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की हा विसर थांबणार नाही. आजचं आधी पुसलं जाईल, मग कालचं, जुनं सगळ्यांत शेवटी. तोपर्यंत मी ते मनावर घेतलं नव्हतं. उपासनेत एकच गीत दोनदा सांगणं, प्रभुभोजनाची भाकर देताना एखाद्याला वगळणं, मला आईच्या नावानं हाक मारणं, एवढंच चाललं होतं. म्हातारपण म्हणून आम्ही सगळे सांभाळून घेत होतो.

हिंगणवेळ्याची आमची ख्रिस्ती मंडळी अण्णांनी उभी केली होती. त्यांचं नाव गेनबा खिलारे. तरुणपणी ते लग्नात सनई वाजवायचे. फलटणच्या बाजारात एका प्रचारकाचं बोलणं ऐकायला थांबले, पुढच्या बाजारीही थांबले, आणि असं करत करत एक दिवस सनई दुसऱ्याला देऊन बायबल घेऊन गावी आले. पहिली उपासना मांगवाड्यातल्या चिंचेखाली झाली. मग कुडाच्या भिंतींची खोली आली, मग तिच्यावर पत्रा. घंटा नव्हती म्हणून रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगला होता. तो वाजला की नदीपलीकडची माणसंसुद्धा निघायची. आता तिथं दगडी चर्च आहे. पंखे आहेत, पेटीच्या जागी कीबोर्ड आहे, बाप्तिस्म्यासाठी आतच फरशीचा हौद आहे. नाताळात माणसं अंगणात मावत नाहीत. मी सत्तरी ओलांडली. चिंचेखालची उपासना पाहिलेलं आता कुणी उरलं नाही.

आमची मंडळी बाप्टिस्ट. आमच्यात तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत. ज्यानं त्यानं कळत्या वयात आपल्या तोंडानं मागायचा, आणि घ्यायचा तो पाण्यात पुरता बुडून. पाळकाच्या पोटी जन्म घेतला म्हणून कुणी आपोआप ख्रिस्ती होत नाही. आणि अण्णा या बाबतीत फार कडक. पाण्यात उतरलेल्या माणसाला ते बुडवण्याआधी अगदी हळू आवाजात विचारायचे, "कशासाठी घ्यायचा?" उत्तर दुसऱ्या कुणाला ऐकू जायचं नाही. ते पटलं नाही तर ते त्याला तसाच काठावर परत पाठवायचे. पाठवलेलेही आहेत.

बहात्तरच्या दुष्काळात मिशनकडून गहू आणि दुधाची पावडर यायची. अण्णा बैलगाडी घेऊन वस्त्यांवर वाटत हिंडायचे. कुणाला जात विचारली नाही, धर्म विचारला नाही. त्या दिवसांत कितीतरी माणसं आमच्या अंगणात येऊन म्हणायची, पाळकसाहेब, आम्हांला तुमच्यात घ्या. अण्णांनी एकालाही घेतलं नाही.

"पाऊस पडू द्या," ते म्हणायचे. "दोन सुगी पोटभर जेवा. त्यानंतरही यावंसं वाटलं तर या. उपाशी माणसाचा होकार मला नको."

मिशनचे साहेब त्यावर नाराज झाले होते. पाऊस पडल्यावर बरेचसे आलेही नाहीत. पण जे आले ते टिकले, त्यांची मुलं टिकली, आणि तिथून मंडळी वाढत गेली. पंचक्रोशीत म्हण पडली होती, खिलारेपाळकाच्या हातचा माणूस कच्चा निघत नाही.

त्याच दुष्काळात आईला कावीळ झाली. अण्णा खडकवस्तीला गव्हाची पोती घेऊन गेले होते. परत आले तेव्हा आईला अंगणात घेतलेलं होतं. मी साताऱ्याला शिकायला होते. तिच्याजवळ घरात होता तो फक्त योहान, माझा धाकटा भाऊ. चौदा वर्षांचा.

योहाननं बाप्तिस्मा घेतलाच नाही. दहावी झाल्यावर तो आयटीआयला गेला, मग पिंपरीला एका कारखान्यात फिटर म्हणून लागला, तिकडेच संसार थाटला. नाताळला यायचा, शेवटच्या रांगेत बसायचा, आणि प्रभुभोजनाची वेळ आली की उठून बाहेर अंगणात जायचा. गावातली माणसं चेष्टा करायची, "नाव बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचं आणि अंग कोरडं." अण्णांच्या कानावरही ते जायचं. ते कधी काही बोलले नाहीत, आणि योहानही नाही. मला वाटायचं, त्याचा विश्वास उडाला असेल. आई गेली तेव्हा अण्णा दुसऱ्यांच्या दारात होते, याचा राग असेल. विचारायचा धीर मात्र मला झाला नाही.

त्या मंगळवारनंतर मंडळीच्या वडीलधाऱ्यांची बैठक झाली. सेमिनरीतून शिकून आलेले रूबेन पास्टर वर्षभर अण्णांच्या हाताखाली काम करत होते. माणूस भला. ते अवघडून म्हणाले, "साहेबांना आता पाण्यात उतरू देणं बरं नाही. एखाद्याला खाली धरलं आणि वर काढायचं विसरले तर?"

मग शांतवनमामा म्हणाले, "एकदा. ईस्टरनंतरच्या आयतवारी पाच-सा जन हायती, तेवढ्यांचा सायबांच्या हातनं हू द्या. मी एका अंगाला हुबा ऱ्हातो, मार्थाबाई दुसऱ्या अंगाला. त्या दिसापास्नं सगळं तुमच्याकडं."

रूबेन पास्टर कबूल झाले.

त्या शनिवारी मी शाळा सुटल्यावर एस.टी. पकडून पिंपरीला गेले. योहानच्या चाळीतल्या खोलीत त्याची मुलगी पिंकी गोवरानं आजारी होती. नलिनी, त्याची बायको, तिच्या उशाशी बसली होती. योहान कामावरून नुकताच आला होता. मला बघून त्याचा चेहरा उतरला.

"अण्णा?"

"आहेत. शरीरानं ठणठणीत आहेत." मी नदीतली हकीकत सांगितली. ऐकताना तो खाली बघून हातावरचं ऑइल पुसत राहिला. "योहान, अजून ते तुझं नाव घेतात. किती दिवस घेतील, डॉक्टरांनाही सांगता येत नाही. पुढच्या रविवारी शेवटचेच पाण्यात उतरणार आहेत. तू ये."

"पाहायला?"

"घ्यायला."

तो हसला, पण ते हसू नव्हतं. "मला वाटलंच, तू त्यासाठीच आलीस."

"तुझा विश्वास नसेल तर मी जबरदस्ती करणार नाही. अण्णांनाच ते चालणार नाही."

"माझा विश्वास नाही असं तुला कोण म्हणालं, अक्का?"

नलिनीनं चहा आणून ठेवला आणि ती परत मुलीजवळ जाऊन बसली.

"मी मागितला होता," योहान म्हणाला. "आई गेली त्याच्यानंतरच्या ईस्टरला. तू साताऱ्याला होतीस. अण्णा ओट्यावर बसून उद्याचा उपदेश काढत होते. मी म्हणालो, अण्णा, मलापण घ्या. ते इतके खूश झाले, चष्मा काढून ठेवला. मग विचारलं, कशासाठी घ्यायचा? सगळ्यांना विचारतात तसंच. मी म्हणालो, आईला भेटायचंय."

त्यानं ऑइलचं फडकं घडी करून बाजूला ठेवलं.

"त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग मला जवळ घेऊन म्हणाले, बाळा, ही ओढ आहे. हा विश्वास नाही. अजून थांब. रागावून नाही म्हणाले, अक्का. डोक्यावरून हात फिरवला. मी बरं म्हणालो आणि उठलो. बाहेर जाऊन रुळाच्या तुकड्यावर दगड मारत बसलो. शेजारच्यांना वाटलं उपासनेची घंटा झाली. दोन म्हाताऱ्या येऊन बसल्यासुद्धा."

"आणि परत कधी विचारलं नाहीस?"

"थांब म्हणाले होते ना, मी थांबलो. मला वाटलं, मोठा झालो की दुसरं काही उत्तर सुचेल. नाही सुचलं. आज विचारलं तरी मी तेच सांगीन. मग उगीच पाण्यात उतरून त्यांना दुसऱ्यांदा नाही कशाला म्हणायला लावायचं?"

इतकी वर्षं मी त्या घरात होते आणि अण्णांनी हे मला सांगितलं नव्हतं. मी एवढंच म्हणाले, "तेच सांग. त्यांना काय म्हणायचं ते म्हणू देत."

"बघू," तो म्हणाला.

निघताना नलिनी मला पायऱ्यांपर्यंत सोडायला आली. "येतील ते," ती म्हणाली. "मला पिंकीमुळे निघता यायचं नाही. पण त्यांना मी पाठवते."

घरी येऊन मी अण्णांना सांगितलं की योहान पुढच्या रविवारी बाप्तिस्मा घ्यायला येणार आहे. पक्कं नसताना सांगायला नको होतं कदाचित, पण राहवलं नाही. ते खुर्चीतून उठले, उगाचच घरभर फिरले आणि म्हणाले, "त्याला पांढरा सदरा आहे का? नसेल तर माझा लहान करून घे." पुढचे सगळे दिवस त्यांना जेवल्याचं आठवत नव्हतं, औषध घेतल्याचं आठवत नव्हतं, पण हे आठवत होतं. सकाळी उठले की पहिला प्रश्न, "आला का?"

रविवारी नदीला कालव्याचं सोडलेलं पाणी होतं, चांगलं छातीएवढं. काठावर सगळी मंडळी जमली होती. बायांनी गीत धरलं होतं. मी आणि अण्णा पायवाटेनं उतरत होतो तेवढ्यात योहान मागून आला. सकाळच्या गाडीनं येऊन तो थेट चर्चवर गेला होता आणि पांढरे कपडे घालून आला होता. घाईत सदऱ्याचं वरचं बटण लावायचं राहिलं होतं.

माझा जीव भांड्यात पडला. "अण्णा, हा बघा कोण आलाय."

अण्णांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मग हात कपाळाशी नेऊन, पाहुण्याला करतात तसा त्यांनी त्याला सलाम केला.

"सलाम. या, या. आमच्या मंडळीत स्वागत आहे."

"अण्णा, हा योहान. आपला योहान."

ते माझ्याकडे बघून हसले, मी चेष्टा केल्यासारखे. "काहीतरीच काय? योहान केवढासा आहे." त्यांनी छातीजवळ हात नेऊन उंची दाखवली. "तो यायचाय अजून."

मी पुन्हा तोंड उघडलं, तर योहाननं माझं मनगट धरलं. "राहू दे, अक्का," तो म्हणाला. "सलाम, पाळकसाहेब."

तो परत फिरेल असं मला वाटलं. तो फिरला नाही. बाकीच्यांच्या रांगेत शेवटी जाऊन उभा राहिला.

आम्ही पाण्यात उतरलो. शांतवनमामांनी डावीकडून आणि मी उजवीकडून अण्णांचं कोपर धरलं होतं, पण धरायची गरज नव्हती. पाण्यात उभे राहिल्यावर अण्णा अगदी पूर्वीचे झाले. माळवाडीची दोन पोरं आली, एक नवरा-बायको आले, एक म्हातारी आली. प्रत्येकाला नाव विचारून, तो हळू आवाजातला प्रश्न विचारून त्यांनी बुडवलं आणि वर काढलं. तोंडावरचं पाणी टॉवेलनं पुसलं. काठावर रूबेन पास्टर पुढे वाकून उभे होते, लागलंच तर उडी घालायच्या तयारीत.

मग योहान आला.

"नाव काय आपलं?"

"योहान."

"अरे वा. माझ्या मुलाचंही हेच नाव. कुठून आलात?"

"पिंपरीहून."

"लांबून आलात." अण्णांनी मान हलवली. मग जवळ सरकून हळू आवाजात विचारलं, "कशासाठी घ्यायचा?"

योहाननं माझ्याकडे पाहिलं. नदीवर एवढी माणसं आणि मला फक्त पाण्याचा आवाज ऐकू येत होता.

"आईला भेटायचंय," तो म्हणाला.

माझ्या हातातलं अण्णांचं कोपर ताठ झालेलं मला कळलं. मी मनातल्या मनात म्हणत होते, देवा, आता थांब म्हणायला नको.

"केव्हा गेली आई?" त्यांनी विचारलं.

"दुष्काळात."

"आमची घरधनीण पण दुष्काळातच गेली." ते पाण्याकडे बघत होते. "माझ्या मुलानं मला हेच सांगितलं होतं. अगदी हेच. मी त्याला म्हणालो, थांब. मला वाटलं, पाळकाचं पोर आहे, लोक म्हणतील घरच्याला सूट दिली. दुसऱ्या कुणाचा असता तर घेतला असता मी त्या दिवशी." त्यांनी ओल्या हातानं तोंड पुसलं. "पोरानं आई मागितली हो, आणि मी त्याची परीक्षा घेतली. पुन्हा विचारायला आलाच नाही तो."

शांतवनमामांनी मान दुसरीकडे फिरवली.

"तुम्हांला नाही थांबवत," अण्णा म्हणाले. "या."

त्यांनी योहानच्या पाठीला हात दिला. "पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं मी तुला बाप्तिस्मा देतो." माझा भाऊ पाण्याखाली गेला आणि वर आला. तो रडत होता की नाही ते सांगता येत नव्हतं, कारण तोंडावरून पाणी निथळत होतं. अण्णांनी बाकीच्यांसारखंच त्याचंही तोंड टॉवेलनं पुसलं.

काठावर गीत सुरू झालं. सगळे जायला वळले. अण्णा मात्र हलेनात.

"चला, अण्णा," मी म्हणाले. "झालं."

"झालं कसं? योहान राहिला की."

गीत हळूहळू बंद पडलं. रूबेन पास्टर पाण्यात आले, त्यांनी समजावलं. शांतवनमामांनी समजावलं. अण्णा पायवाटेकडे डोळे लावून उभे. ओठ निळसर पडायला लागले होते. मला काय करावं सुचेना. त्यांना ओढून बाहेर काढायचं माझ्यानं होईना.

शेवटी योहान परत पाण्यात आला. "पाळकसाहेब," तो म्हणाला, "त्याची गाडी चुकली असेल. फलटणची गाडी रविवारी वेळेवर नसते."

"येईल ना पण तो?"

"येईल. मी थांबतो इथं त्याच्यासाठी. तुम्ही घरी चला, गरम कपडे घाला. तो आला की मी त्याला घेऊन येतो."

अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं. भरवशाचा माणूस वाटला असावा. "उपकार होतील," ते म्हणाले, आणि माझा हात धरून निघाले.

चढावर ते दोनदा थांबून मागे वळले. दोन्ही वेळा योहान पाण्यातच उभा होता. मी मागे पाहिलं नाही, तेच सांगत होते, "थांबलाय बरं का. चांगला माणूस आहे."

अण्णा त्यानंतर कधी पाण्यात उतरले नाहीत. पुढच्याच थंडीत ते गेले. योहान तोवर दर पंधरवड्याला यायचा, त्यांचे केस कापायचा, नखं काढायचा, आणि दर वेळी नव्यानं आपली ओळख सांगायचा. त्याला ते एकदाही मुलगा म्हणून ओळखू शकले नाहीत. पण मला आठवतं ते त्या रविवारचं जेवण.

मी मटणाचा रस्सा आणि बाजरीच्या भाकऱ्या केल्या होत्या. योहान कोरडे कपडे घालून आला तेव्हा अण्णा ताटावर बसले होते.

"नाही आला?" त्यांनी विचारलं.

"नाही," योहान म्हणाला. "पुढच्या खेपेला येईल."

अण्णांनी मान हलवली. मग मंडळीत आलेल्या नव्या माणसाचा मान म्हणून त्यांनी त्याला आपल्या शेजारी बसवलं आणि त्याच्या भाकरीचा पहिला तुकडा स्वतः मोडून दिला. योहान मान खाली घालून जेवत होता.

"घरी कोण कोण आहे?"

"बायको आहे. मुलगी आहे." त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. "वडील आहेत."

"वडिलांना सांगितलंत, आज काय केलंत ते?"

"अजून नाही."

"रागावतील?"

"माहीत नाही."

"रागावले तरी सांगा," अण्णा म्हणाले. "बाप आहे. त्याला बाहेरून कळू देऊ नका. बाप वाट बघत असतो हो, तोंडानं म्हणत नाही इतकंच. आजच्या आज सांगा."

"कसं सांगायचं तेच कळत नाही."

"त्यात काय अवघड आहे? काय म्हणता तुम्ही त्यांना?"

योहानचा हात ताटातच राहिला. "अण्णा."

"मग म्हणा. माझ्यापुढे म्हणून बघा एकदा, म्हणजे धीर येईल."

मी चुलीपाशी होते. तव्यावरची भाकरी करपत होती आणि मला ती उलटायचं भान नव्हतं.

योहाननं मान वर केली. "अण्णा," तो म्हणाला, "मी आज बाप्तिस्मा घेतला."

अण्णा घास हातात धरून ऐकत होते, एखाद्या पोरानं पाठ केलेलं वचन ऐकावं तसे. मग त्यांनी समाधानानं मान डोलावली.

"बास. एवढंच सांगायचं," ते म्हणाले, आणि रश्श्याची वाटी त्याच्याकडे सरकवली.